चाळीस पट

घड्याळं दुरुस्त करणारे माझे सासरे ऐंशीला टेकले, तरी दुकान सोडायला तयार नव्हते. जागेला गिऱ्हाईक आलं होतं. माझा नवरा तीनदा विनवून थकला, पण बाबांचं एकच, "हात चालतोय तोवर मी बसणार."

मग वाढदिवसाला ह्यांनी त्यांना स्टिरिओ मायक्रोस्कोप आणून दिला. बाबा हरखूनच गेले. "जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून काढलं रे. आता दोन्ही डोळ्यांनी बघेन!" लगेच बायकांचं एक बारीक घड्याळ उघडून त्यांनी भिंगाखाली ठेवलं आणि चिमट्यात स्क्रू धरला.

बराच वेळ ते मान वर करेनात. मग त्यांनी चिमटा ठेवला आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"इतका थरथरतो माझा हात? आणि मला कुणी बोललं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा," हे म्हणाले.

दुकानाची किल्ली बाबांनी स्वतःच जुडग्यातून काढून दिली.

***

मायक्रोस्कोप घ्यायला मी सोबत गेले होते. विक्रेता बिचारा कळकळीने सांगत होता, "घड्याळाच्या कामाला दहा पट पुष्कळ झालं, साहेब. चाळीस पटवाला घेऊ नका. त्यात माझा धडधाकट हातसुद्धा थरथरताना दिसतो."

"चाळीसवालाच बांधा," हे म्हणाले.