तांदळाचा डबा

दुपारच्या सिनेमाला निवृत्त सुभेदार बायकोला, द्वारकाबाईंना घेऊन बिबवेवाडीहून निघाले ते नेहमीसारखे अर्धा तास आधीच पोचले. मनगटावरचं घड्याळही कायम दहा मिनिटं पुढेच असायचं. पडद्यावर युद्ध पेटलं, रजेवरच्या जवानाला परत बोलावणारी तार आली आणि त्याच्या नवरीनं ती पदराआड लपवली. द्वारकाबाई पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं बोलून गेल्या. "अहो, तुमची एकाहत्तरची तार मी रात्रभर तांदळाच्या डब्यात दडवून सकाळी दिली होती." "ठाऊक आहे," सुभेदार पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "डब्याचं झाकण तुला आजही नीट लावता येत नाही. संध्याकाळीच वाचली, परत ठेवली." द्वारकाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. जन्मात कुठे मिनिटभर उशिरा न पोचलेला हा माणूस लढाईला एक रात्र उशिरा गेला होता. अंधारात त्यांनी सुभेदारांच्या घड्याळावर हात ठेवला.