पिवळा धमक शर्ट

बास्केटबॉलचा तो संघ अकरा वर्षं हरत होता आणि एक वायरमन अकरा वर्षं तिसऱ्या रांगेत बसून त्याच्यासाठी घसा फोडत होता. यंदा संघ चक्क जिंकू लागला आणि स्टेडियम भरलं. ज्या खुर्चीवर वायरमनची पिशवी बसायची, तिथे संघाचा कोरा, पिवळा धमक शर्ट घातलेली एक बाई येऊन बसली. त्याच्याही तशाच, पण धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या शर्टाकडे बघत म्हणाली, "काका, पहिल्यांदाच आलात वाटतं?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'हरा रे एकदा,' त्याने मनातल्या मनात आपल्याच संघाला सांगितलं, 'म्हणजे हे हौशे-नवशे पळतील.'

संघाने ऐकलं. तेवीस पॉइंटांनी हरला. शेवटच्या शिट्टीआधीच रांगा ओस पडल्या. वायरमन खुशीत पिशवी ठेवायला वळला, तर बाई तिथेच. पिवळ्या बाहीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती.

"पहिलीच हार ना?" तो म्हणाला. "होते सवय."

पिशवी त्याने मांडीवरच ठेवली. खरा हेवा त्याला आत्ता वाटला. संघ हरला म्हणून आपण शेवटचं कधी रडलो, ते काही केल्या आठवेना.