परवा

"काका, तुम्ही रिटायर कधी झालात?"

"परवा," वसंतराव म्हणाले.

ऋचाचं पेन थांबलं. ती पुण्याची. हैदराबादेत, तारनाक्याच्या या संशोधन केंद्रात लागून तिला जेमतेम महिना झाला होता. समोरच्या अर्जावर काकांचं वय चौऱ्याहत्तर लिहिलेलं होतं.

"परवा म्हणजे सोमवारी?"

"सोमवारी कैकू? रेल्वे महिन्याच्या शेवटी रिटायर करते, बेटा."

ऋचानं एक फुली मारली. वसंतरावांना ती उलटी दिसली, पण फुली उलटी काय नि सुलटी काय.

शेजारी पद्मावतीबाई पदर सावरून बसल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी दोघांनी खाली कॅन्टीनमध्ये इडली खाल्ली होती. पदरावर सांबार सांडलं, ते वसंतरावांनी रुमालानं टिपलं, पण डाग राहिलाच. बाईंना विसर पडायला लागला होता. मागच्या महिन्यात घराची किल्ली फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली सापडली.

विसरण्याच्या या रोगात मेंदूच्या पेशींत एक नको ते प्रथिन साचत जातं. नव्या औषधानं ते साचणं मंदावतं का, हे केंद्राला बघायचं होतं. ऋचानं हे समजावलं तेव्हा वसंतराव म्हणाले होते, "म्हणजे रुळावर माती पडतीय. ती उचलायची."

"उचलता येत नाही, काका. आणखी पडू द्यायची नाही. तेही जमतंय का, हेच बघायचंय."

"चालेल. गाडी धीमी चालली तरी चालेल. थांबायला नक्को."

अट एकच होती. पेशंट काय विसरतो ते दर महिन्याला खरंखरं सांगणारा सोबती हवा, आणि त्या सोबत्याची स्वतःची आठवण शाबूत हवी. घरात माणसं दोनच. वसंतराव नापास झाले की पद्मावतीबाई औषधाला मुकल्या.

"काकू शेवटच्या बाहेरगावी कधी गेल्या होत्या?"

"परवा. नांदेडला. आमच्या नातीच्या, वैशालीच्या बारशाला."

ऋचाचा चेहरा जरा उजळला. "अरे वा! किती दिवसांची झाली?"

"दिवसांची? कॉलेजात आहे की. स्कूटी चालवते. हेल्मेट घालत नाही."

दुसरी फुली.

"काका," ऋचा हलक्या आवाजात म्हणाली, "तिसरी चूक झाली, तर मला चाचणी इथंच थांबवावी लागेल."

काय चुकतंय तेच वसंतरावांना कळेना. "चूक? बेटा, छत्तीस वर्षं सिकंदराबादच्या कंट्रोल रूममध्ये बसून मी गाड्यांची मिनिटं सांभाळलीत. माझी वेळ चुकत नाही."

"कधीपर्यंत होतात तिथं?"

"परवापर्यंत!"

ऋचानं तिसरी फुली मारली आणि पेनाला टोपण लावलं. वसंतराव त्या टोपणाकडे बघत राहिले.

"कैकू फुल्या मारतीस गं पोरी?" पद्मावतीबाई इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलल्या. "बरोबर तर सांगतायत. आमच्या हैदराबादेत काल म्हणजे काल. कालच्या मागं गेलं ते सगळं परवा. माझे आजेसासरे मूसी नदीच्या पुराचं सांगायचे, मोठ्या पुराचं, झाडावर चढून वाचले म्हणे. तो पूरही परवाच आला."

ऋचानं काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग दार उघडून बाहेरच्या सिस्टरला हाक मारली. शोभा सिस्टर इथल्याच, जामबागच्या.

"सिस्टर, आप यहाँ काम पे कब लगीं?"

"परसों इच लगी, मॅडम."

"मतलब?"

"बारा साल हो गए."

ऋचानं टोपण काढलं, तिन्ही फुल्या खोडल्या आणि समासात बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं. पुढच्या प्रश्नांत आठवड्याचे वार, शंभरातून सात वजा, शेजाऱ्यांची नावं, सगळं वसंतरावांनी धडाधड सांगितलं. शेजाऱ्यांच्या भाडेकरूंचीही सांगितली. आता ते ऐटीत खुर्चीला टेकले.

"आता काकू तुम्ही. काका सांगत होते, खाली कॅन्टीनमध्ये इडली खाल्लीत ना? कधी खाल्ली?"

पद्मावतीबाईंनी छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"परवा," त्या म्हणाल्या.

ऋचाला हसू आलं. ती पेन घेऊन वसंतरावांकडे वळली. "हेही तुमच्याकडचंच ना, काका?"

हौ म्हणायला कितीसा वेळ लागतो? ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. त्यांची नजर पदरावरच्या डागाकडे गेली. डाग अजून ओला होता.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "हे चूक धर."

ऋचाचं हसू मावळलं. तिनं सावकाश फुली मारली. मग सोबत्याचा कागद पुन्हा ओढला, 'भरवशाचा' या शब्दापुढे खूण केली आणि सही केली.

"बघ गं," पद्मावतीबाई फणकारल्या, "मी यांची बाजू घेतली, आणि हे माझ्याच चुका काढतात. लग्न झाल्यापासून हेच चाललंय."

"लग्न कधी झालं, काकू?"

"परवा," दोघं एकदमच म्हणाले.