राजासमोर अनवाणी

अरुणाने बूट काढून गार फरशीवर पाय टेकवले आणि नेमके तेव्हाच मोरी-सान दालनात आले.

नवऱ्याच्या बदलीमागून ती त्र्याण्णव साली नागोयाला आली. तीन वर्षं घर सांभाळल्यावर या छोट्या संग्रहालयात पहाऱ्याचं पार्टटाइम काम मिळालं होतं. ही तिची जपानातली पहिली नोकरी. गणवेश संग्रहालयाचा, बूटही संग्रहालयाचे. पाय तेवढे तिचे होते, आणि त्यांचं बुटांशी पटत नव्हतं.

"अरुणा-सान, बूट?" संचालक मोरी-सान इतक्या नम्रपणे म्हणाले की नोकरी गेलीच, हे तिने ओळखलं.

समोरच्या काचेत घानातल्या असांते राजाचं छातीवर मिरवायचं सोन्याचं पदक होतं. चांगलं बशीएवढं.

"राजाच्या दागिन्यासमोर पायात घालून उभं राहत नाहीत," तिने ठोकून दिलं. "त्यांच्यात तशी पद्धत आहे."

मोरी-सान पांढरे पडले. त्यांनी बूट काढले, काचेसमोर कमरेत वाकले आणि पदकाची रीतसर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी दाराशी बुटांचं रॅक आलं. वर पाटी लागली : 'हे पदक असांते राजांचं आहे. त्यांचा मान राखण्यासाठी कृपया पादत्राणं काढावीत.' खाली संग्रहालयाचा लाल शिक्का. जपानी माणूस पाटीशी वाद घालत नाही. सगळी गर्दी मोज्यांवर फिरू लागली.

आठवड्याने मोरी-सान उत्साहाने म्हणाले, "उद्या असांते दरबाराचे कारभारी येताहेत. इंग्रजी तुम्हालाच येतं. दुभाष्या तुम्हीच."

अरुणाने मनातल्या मनात राजीनामा लिहिला.

कारभारी आले. सत्तरीचे, खांद्यावरून भरजरी वस्त्र घेतलेले. पाटीवर काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. अरुणाने चाचरत सांगितलं. त्यांची नजर खालच्या लाल शिक्क्यावर गेली. मग त्यांनी वहाणा काढल्या.

"अगदी बरोबर. आमच्यात असंच करतात."

अरुणाचा जीव भांड्यात पडला. आपण खरं बोललो होतो, हे तिला आत्ताच कळत होतं.

पण कारभारी पदकाकडे गेलेच नाहीत. पाटीपाशीच थांबले.

"बाई, तुमच्या साहेबांना विचारा, या पाटीची प्रत मिळेल का? शिक्क्यासकट. पदक आमच्या राजांचं आहे, असं आम्ही एकवीस वर्षं पत्रांनी कळवतोय. तुमच्या संग्रहालयाने ते आज पहिल्यांदा लेखी मान्य केलंय."