रॉकेलातला कार्बोरेटर

दिनकरराव मास्तर जिच्यावरून पार हैदराबादपर्यंत फिरून यायचे, ती मोटारसायकल ते वारल्यापासून सात वर्षं गोठ्यात पडून होती. चौऱ्याहत्तर साली त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंनी ती विकायला काढली आणि दुरुस्तीसाठी देवगाव फाट्यावर सिताराम मिस्त्रीकडे पाठवली.

गंजलेली टाकी उतरवून, कार्बोरेटर रॉकेलात भिजत घालून सिताराम दुपारी भाकर खायला बसला, तोच नर्मदाबाई आल्या.

"लय चांगली केलीस गाडी. दारात थांबली तवा आवाज वळखला मी."

"बाई, टाकी अजून खालीच हाय. गाडी हितून हाललीच न्हाई."

बोलता बोलता त्यानं सायलेन्सरला हात लावला. बोटं चरचरून भाजली.

"चल, तुला बोलवायलेत," बाई शांतपणे म्हणाल्या.

"कोण?"

"मास्तर. जेवायचे थांबलेत तुझ्यासाठी."