मंडईच्या तारखा

पाचवा अर्ज टेबलावर आला तेव्हा शेवाळे साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाच माणसं, पाच अर्ज, पाच वेगळ्या तारखा. कारण मात्र सगळ्यांचं एकच. आमच्या गावची मंडई आहे.

कुरखेड्याच्या त्या कार्यालयात सरकारी खरेदीसाठी धानाची, म्हणजे भाताची, नोंदणी चालायची. शेवाळेंच्या हाताखाली पदं आठ होती, त्यातली तीन कधीपासून रिकामी. तीस नोव्हेंबरला नोंदणी बंद होणार होती आणि चारशे दहा शेतकरी अजून बाकी होते. प्रत्येकाने स्वतः येऊन फोटो काढून घ्यायचा होता. निरोप द्यावा तर निम्म्यांचे फोन लागत नव्हते. जंगलातली गावं, रेंज नाही. नोंदणी चुकली की धान व्यापाऱ्याच्या घशात जाणार, तो म्हणेल त्या भावाने. वर्षभराचा घाम त्यात होता. शेवाळेंना झोप लागत नव्हती.

शेवाळे नाशिककडचे. दिवाळीनंतर या भागात गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात, एवढं त्यांना कळलं होतं. पण सण एक आणि तारखा पाच, ही त्यांना सरळ थाप वाटली. त्यांनी पाचही अर्जांवर नामंजूर असं लिहिलं. ऑपरेटर पवन बाहेर जाताना पुटपुटला, की आता सगळ्यांना आळीपाळीने ताप येणार.

बुधवारी लालसू आला नाही. लालसू म्हणजे नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून. त्याने तापाचं कारणसुद्धा कळवलं नाही. दुपारपर्यंत शेतकरीही तीनच आले. शेवाळेंनी लालसूच्या नावाची नोटीस टाईप केली, घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच्या गावी जायला मोटारसायकल काढली. रस्ता दाखवायला शिपाई अंजनाबाई मागे बसल्या. त्यांच्या नोकरीत असे सात साहेब येऊन गेले होते.

वाटेत शेवाळे बोलतच होते. सगळ्या गावांनी मिळून एक रविवार धरावा. एकाच दिवशी सगळ्या मंडया उरकाव्यात. एक दिवस कार्यालय बंद, बाकी महिना सुरळीत. एवढं साधं कोणाला कसं सुचत नाही?

अंजनाबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यायनं एकाच दिवशी केली, त मंग एकमेकाच्या घरी पाहुना कोन जाईन, साहेब?"

शेवाळेंनी गाडीचा वेग वाढवला.

लालसूच्या अंगणात पंगत बसली होती. भाताचं टोपलं हातात धरून लालसू साहेबांकडे बघत उभाच राहिला. त्याची आई मात्र थांबली नाही. कोण आहेत, असं तिने अंजनाबाईंना विचारलं आणि ताट मांडलं. शेवाळे म्हणाले, मी जेवायला आलेलो नाही, कामासाठी आलो आहे.

"असन काम," ती म्हणाली. "मंडईच्या दिवशी आमच्या दारातून उभ्या उभ्या कोनी परत जात नाई. बसा."

शेवाळे बसले. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते डब्याचं जेवण एकटेच जेवत होते. म्हातारी भात वाढत होती आणि पुरे म्हटलं तरी थांबत नव्हती. असं वाढणारं माणूस एकेकाळी त्यांच्याही घरी होतं. त्यांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, तुम्हीच का धानाचे साहेब? त्याचं नाव कोलू. शेवाळेंनी डाव्या हाताने मोबाईलवरची यादी उघडली. फोन न लागणाऱ्यांत कोलूचं नाव होतं. समोर बसलेल्या दोघांनी आपापली नावं सांगितली. तीही यादीत होती. मग पंगतीच्या टोकाकडून नावं यायला लागली. अकरा गावचे पाहुणे त्या एका अंगणात जेवत होते. यादीतले तेवीस जण तिथेच सापडले. लालसूने टोपलं ठेवलं, हात पुसले आणि साहेबांना घेऊन मंडईत फिरला. जिलेबीच्या दुकानापाशी, पाळण्यापाशी, दंडार हे लोकनाट्य बघत बसलेल्या लोकांत. दिवस मावळेपर्यंत यादीतली एकाहत्तर माणसं भेटली. उद्या या, असं प्रत्येकाला सांगून झालं.

नोटीस खिशातच राहिली. ती पुढे पॅन्टबरोबर धुतली गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच रांग फाटकाबाहेर गेली होती. शेवाळेंनी उरलेले चार अर्ज परत मागवून मंजूर केले. ज्याच्या गावची मंडई, त्याला सुट्टी. त्याची खिडकी बाकीचे सांभाळतील. साडेपाचला कुलूप लागलं की सगळे यादी घेऊन त्याच्या घरी जेवायला. सगळंच काही सरळ झालं नाही. कार्यालयातल्याच रीनाच्या गावी मंडईचं रात्रभराचं नाटक बघून आलेला पवन दुसऱ्या दिवशी की-बोर्डवर हात ठेवून झोपला आणि एका शेतकऱ्याच्या नावापुढे दोन ओळी भरून नुसते 'क' उमटले. तो शेतकरी रागावला नाही. तोही नाटकालाच होता.

अठ्ठावीस तारखेला यादीतलं शेवटचं नाव संपलं.

संध्याकाळी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. पाच माणसांत हे कसं जमवलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, तुमची तिन्ही रिकामी पदं पुढच्या महिन्यात भरून टाकतो, कशी माणसं पाहिजेत तेवढं सांगा.

"कशीही चालतील, सर," शेवाळे म्हणाले. "फक्त तिघं तीन वेगळ्या गावचे द्या."