आठवणी कुणाच्या

संकष्टीला चंद्र उगवला की रेवतीबाईंची गाडी अंगणातून हाक मारायची, “काकू, दिसला. आता उपास सोडा.” यजमान गेल्यापासून घरात एवढीच एक हाक होती.

आजही संकष्टी होती, आणि आजच त्या आलिशान गाडीचा तीन वर्षांचा भाडेपट्टा संपला होता. संध्याकाळी कंपनीचा निमकर ती परत न्यायला आला.

“घेताना ह्यांनी सीटा दाबून पाहिल्या, रंगावरून वाद घातला,” रेवतीबाई म्हणाल्या. “आठवणी कुणाच्या, ते नाही विचारलं.”

“कुणीच विचारत नाही, काकू. विकत घेतली असतीत तर तुमच्या. भाड्याच्या गाडीच्या पुसाव्याच लागतात.”

त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, दह्याचं बोट टेकवलं.

“येते, काकू,” गाडी म्हणाली. निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

निमकरने बटण दाबलं. दिवे विझले, पुन्हा लागले.

“नमस्कार,” गाडी परक्या आवाजात म्हणाली. “मी जाते.”

“येते म्हणावं गं.”

“येते,” गाडी आज्ञाधारकपणे म्हणाली आणि वळणाआड गेली.

घरात येऊन रेवतीबाईंनी चंद्रोदय पाहायला पंचांग शोधलं. ते तीन वर्षांपूर्वीचं निघालं.